आधी तोंड, मग पाय

प्रिय मामा,

आज दुपारी मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही.

एवढं लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. वाक्य तसंच आहे. तू घाबरू नकोस. कुणाला लागलेलं नाही, गाडीला ओरखडा नाही. गाडी पाना मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. समोर येऊन बोलले असते. पण घसा पार बसलाय, आणि बसला नसता तर मी तुझ्यावर ओरडले असते. तुझ्यावर मी आजवर ओरडलेली नाही. पक्षाघाताच्या झटक्यापासून तुझी जीभ अडखळते, तू उत्तराला वेळ घेतोस, आणि तेवढ्या वेळात मी आणखी ओरडले असते. म्हणून लिहिते आहे. सकाळी मामीचा फोन आला होता, त्याचं शेवटी लिहीन. आधी हे माझ्या अंगातून बाहेर पडू दे.

सध्या माझ्याकडे गाडी शिकायला दातांची डॉक्टरीण येते. तिच्या खुर्चीत बसणारे तिला घाबरतात आणि ती स्टिअरिंगला घाबरते. घाबरली की श्वास धरून ठेवते. वळण संपेपर्यंत सोडत नाही. मी तिला मोठ्याने मोजायला लावते, म्हणजे श्वास घ्यावाच लागतो. घसा कालपासून धरला होता, सकाळी थोडा आवाज होता, दुपारी तोही गेला. तिला मी खुणेनं सांगितलं, आज हातानं शिकवते. तिला मजा वाटली. म्हणाली, "माझे पेशंट असेच असतात. तोंड उघडं आणि आवाज नाही. बसा, घाबरू नका, दुखणार नाही." अशी हसतहसत ती निघाली आणि तास चांगला चालला. गोदामांच्या मागचा उतार तिनं पहिल्यांदाच न थांबता घेतला. मी तिच्याकडे बघून मान हलवली. पुन्हा समोर बघितलं तेव्हा फाटकातून पाण्याचा टँकर उलटा बाहेर येत होता.

तुझा नियम माझ्या हाडात आहे. आधी तोंड, मग पाय. शेजारच्या सीटवरच्या माणसानं आधी 'ब्रेक' म्हणायचं, मग स्वतःच्या पेडलवर पाय द्यायचा. त्या सीटवर बसवलंस त्या दिवशी हे एवढंच शिकवलंस. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग पाय दिला. पेडल खाली गेलं, नेहमीसारखं मऊ, आणि तळाला टेकलं. गाडी उतरत राहिली. मी पाय उचलून पुन्हा दिला. पुन्हा तळ. हात हँडब्रेककडे जायला हवा होता. तो गेला नाही, मामा. तो मांडीवर होता, तू ठेवायला शिकवलंस तिथेच. टँकरच्या मागे पिवळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं आणि मी ते वाचत होते. काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. मग गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. टँकरच्या नळातलं पाणी आमच्या बोनेटवर ठिबकत होतं.

गाडी तिनं थांबवली. मला वाटलं तिसऱ्यांदा माझा ब्रेक लागला. पण माझा पाय तर तळालाच होता, तिथून खाली जायला जागाच नव्हती. डॉक्टरीण स्टिअरिंग धरून बसली होती, मोठमोठ्यानं श्वास घेत. मग म्हणाली, "तुमचं पेडल खाली आपटल्याचं ऐकू आलं. गाडी थांबली नाही. परत आपटलं. तरी नाही. म्हटलं, म्हणजे आता मीच आहे इथे." जरा वेळानं तिनं विचारलं, "म्हणजे मला येते का हो गाडी?" मी काय सांगणार? टँकरवाला खाली उतरून आमच्या दोघींच्या नावानं खडे फोडत होता. "चालवता येत नाही तर घरी बसा की!" डॉक्टरिणीनं काच खाली केली आणि म्हणाली, "आरसा बघून मागे येत जा. आणि वरचा दात किडलाय, दाखवून घ्या." त्यानं तोंडावर हात धरला. मी हसले नाही. एरवी पोट धरून हसले असते.

गाडी गॅरेजपर्यंत तिनंच आणली. मी शेजारी बसले होते आणि माझे दोन्ही पाय मला कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

पाना गाडीखाली गेला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. मला वाटलं सळई तुटली असेल, माझ्या पेडलपासून शिकणाऱ्याच्या पेडलपर्यंत जाणारी आडवी सळई. खालून तो बराच वेळ काही बोलला नाही. ही त्याची रीत नाही. तो नट फिरवताना नटाशीही बोलतो. मग बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, तुटलेलं काही नाही. काढलेलं आहे." मला समजलं नाही. तो म्हणाला, "सळई जिथे जोडते तिथली पिन नाही. पडली असती तर भोक झिजलं असतं, गंज असता. इथे ग्रीस लावलंय. आणि सळई तारेनं वर बांधली आहे, खडखडू नये म्हणून. हे कुणीतरी शांतपणे बसून केलंय." मी खुणेनं विचारलं, कधी? त्यानं तारेवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोट काळंभोर झालं होतं. "जुनं आहे. फार जुनं. मामा मला या बाजूला हातच लावू देत नव्हता. म्हणायचा, तुझं इंजिन, ही बाजू माझी."

मग त्यानं गाडी मागे घ्यायला किल्ली मागितली. मी दिली. किल्ली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "हे काय घेऊन फिरताय तुम्ही?"

तुला माहीत आहे ते काय आहे. तुझ्या किल्लीच्या कड्यातला तो लोखंडी तुकडा, बोटाएवढा, एका टोकाला भोक असलेला. आजारी पडल्यावर तू मला गाडी दिलीस तेव्हा तुला नीट बोलताही येत नव्हतं. तरी कड्याला हात लावून मान हलवलीस. नाही, नाही. मामीनं अर्थ सांगितला, "कडं बदलू नकोस म्हणतोय." मी बदललं नाही. उलट मला ते आवडायचं. नवा माणूस पहिल्यांदा स्टिअरिंगला बसला की मी तो तुकडा अंगठ्यानं चोळायचे. चोळून चोळून तो आरशासारखा झालाय. मला वाटायचं, हे तुझं बळ माझ्या मुठीत आहे. पाना पुन्हा गाडीखाली गेला आणि टक्कन आवाज आला. म्हणाला, "बसली. हीच ती." बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जे सुचलं ते बोलला. "अख्ख्या गावाचा मामा, पण मामा बनवलं ते भाचीलाच."

मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. तो चहा घेऊन आला, तो गार झाला.

मामा, मी कशी होते ते तुला माहीत आहे, पण आज मला ते पुन्हा सांगायचं आहे. औषधांच्या दुकानात मी काउंटरवर होते. चिठ्ठीवरचं औषध काढायचे, मालकांना दाखवायचे, त्यांनी मान हलवली की गिऱ्हाइकाला द्यायचे. कधीही चुकले नाही. तरी दाखवल्याशिवाय एक गोळी दिली नाही. मालक वैतागून म्हणायचे, "अगं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं." मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. कुणीतरी वर असायला हवं होतं. आई अजून रस्ता ओलांडताना माझा दंड धरते. मी गाडी तुझ्याकडे शिकले, ती बरी शिकले, कारण तू शेजारी होतास. मग एक दिवस तू म्हणालास, "आता या बाजूला बस. माणसं वाढली आहेत, मला एकट्याला झेपत नाही." मी म्हटलं, इथे स्टिअरिंग नाही. तू म्हणालास, "म्हणूनच इथे पगार मिळतो."

पहिले दिवस आठवतात? तू मागच्या सीटवर, मी शेजारच्या, आणि चालवायला तो निवृत्त मुख्याध्यापक, जो ट्रकलाही 'पुढे सर' म्हणायचा. माझा हात दारावरच्या कड्याला चिकटलेला असायचा, उतरताना बोटं सोडवावी लागायची. तू त्याला रडक्यांचं कडं म्हणायचास. एक दिवस येऊन बघते तर कडं नाही. स्क्रूची दोन भोकं तेवढी. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तू म्हणालास, "धरायला काही नसलं की हात मांडीवर बसतो. मांडीवरचा हात बघून शेजारचा माणूस चालवतो." ते खरं निघालं. शिकणारे रस्ता बघत नाहीत, आपल्याला बघतात. तू तर एक पाय दुमडून सीटवर बसायचास, बूट काढून, पेपरमिंट चघळत. लोक म्हणायचे, मामानं पाय वर घेतला म्हणजे आपलं ठीक चाललंय. तुझा तो दुमडलेला पाय म्हणजे त्यांचं प्रमाणपत्र होतं. मीही तेच समजत होते, की हव्या त्या क्षणी तो पाय खाली येईल आणि गाडी थांबेल. आज स्टुलावर बसून कळलं, तो पाय खाली आला काय आणि वर राहिला काय, सारखंच होतं.

मला भीती नव्हती, मामा. इतकी वर्षं मला भीती वाटली नाही ती एका पेडलमुळे. आई म्हणायची, ही बया इतकी धीट कधी झाली. मी मनात म्हणायचे, माझ्या पायाखाली ब्रेक आहे. त्या जोरावर मी दुकान सोडलं. त्या जोरावर मला लोक 'घाबरणाऱ्यांची बाई' म्हणू लागले. ज्यांच्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले ते सगळे माझ्याकडे यायला लागले. अपघातातून उठलेले. नवऱ्यानं 'तुला जमणार नाही' म्हणून घरी बसवलेल्या. मी त्यांना सांगायचे, तुम्ही काहीही करा, मी आहे. घरी येऊन जेवताना मोजायचे, आज दोनदा वाचवलं, आज एकदाच. ती पुलावरची मुख्याध्यापकांची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! मी 'ब्रेक' म्हटलं, पाय दिला, गाडी कठड्यापाशी थांबली. आज तीच गोष्ट मी परत मनात चालवून बघितली. मी 'ब्रेक' म्हटलं. गाडी थांबली. मधलं वाक्य गाळलं तरी गोष्टीला काही होत नाही. त्यांनी थांबवली होती. प्रत्येक वेळी, प्रत्येकानं, स्वतःची स्वतः. मी ओरडत होते आणि माझा पाय एका स्प्रिंगवर नाचत होता. आधी तोंड, मग पाय. काय नियम केलास! तोंड होतं म्हणून पायाची फजिती कधी उघडी पडली नाही. तपासणीला तू स्वतः गाडी घेऊन जायचास, एकदाही मला पाठवलं नाहीस. पेडल मऊ लागतं म्हटलं तर म्हणालास, "माझ्या पायाला तशी सवय आहे." मी विश्वास ठेवला. तुझ्यावर न ठेवून कुणावर ठेवणार होते?

संध्याकाळी मी मामीला फोन केला. आवाज नव्हता, नुसती कुजबुज. मी एकच शब्द म्हटला, "पिन." तिनं लगेच विचारलं, "कुणाला लागलं?" म्हणजे तिला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं. नाही म्हटल्यावर ती खाली बसली असावी, खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग तिनं मला आपल्या शिंप्याचं सांगितलं.

माझे कपडे लहानपणापासून तो शिवतो. त्याचा एक पाय आखडलेला आहे, यंत्र विजेवर चालतं. मला वाटायचं जन्मापासून असेल. मामी म्हणाली, "मामाचा तो लाडका विद्यार्थी होता. पायानं यंत्र चालवणारा माणूस, क्लचवर काय पाय होता त्याचा! एकदाही चुकला नाही, पहिल्याच फटक्यात परीक्षा पास. दुसऱ्या दिवशी एकटा गाडी घेऊन गेला. पहिल्याच चौकात समोर बस आली आणि यानं ब्रेक दाबलाच नाही. शेजारच्या सीटकडे बघत राहिला." तू दवाखान्यात गेलास तेव्हा त्यानं तुला दोष दिला नाही. अगदी साधेपणानं सांगितलं, "मामा, मला वाटलं तुम्ही दाबाल." घरी येऊन तू जेवला नाहीस. सकाळी गाडीखाली शिरलास, बाहेर आलास तेव्हा मुठीत पिन होती. मामीनं विचारलं तेव्हा म्हणालास, "इतकी वर्षं मी माणसं शिकवली नाहीत. इतकी वर्षं मीच चालवत होतो." ती तुझ्याशी भांडली म्हणे. फार भांडली. तू ऐकलं नाहीस. आणि मी त्या सीटवर बसले तेव्हा ती पुन्हा भांडली, तेव्हा म्हणालास, "तिला कळलं तर ती परत काउंटरवर जाईल."

शिंप्याकडे मी गेल्याच महिन्यात गेले होते. माप घेताना तो विचारत होता, मामा कसे आहेत.

आता मी काय म्हणू? फोन ठेवल्यापासून मी स्वतःशी वाद घालते आहे. तुला वाटलं ते खरं आहे. ज्याच्या शेजारी ब्रेक आहे तो अर्धाच शिकतो. आज डॉक्टरीण ज्या क्षणी शिकली तो क्षण माझा ब्रेक चालू असता तर तिला मिळाला नसता. हे मला कबूल करावं लागतं आणि करताना राग येतो. कारण तू केलंस ते चूक आहे, मामा. तुझं खरं असूनही ते चूक आहे. तो टँकर होता. तिथे सायकलवर कुणी असतं तर? डॉक्टरिणीनं आणखी एक श्वास धरला असता तर? तुला दवाखान्यातलं एक वाक्य सहन झालं नाही. मला दुसरं कुणाचं ऐकावं लागलं असतं आणि मला ते कशामुळे ऐकावं लागतंय हेही कळलं नसतं. तू स्वतःच्या जिवावर उदार झालास, ठीक. माझ्या, डॉक्टरिणीच्या, मुख्याध्यापकांच्या जिवावर कुणी सांगितलं होतं उदार व्हायला? निदान मला सांगायचं. मी घाबरले असते. काउंटरवर परत गेले असते, हेही खरं असेल. पण ते माझं मी ठरवलं असतं. आणि तरी किल्लीबरोबर तू पिन माझ्याच हातात दिलीस. विसरून दिलीस, की सांगता येत नव्हतं म्हणून, की मी कधीतरी नीट बघेन म्हणून? उत्तर लिहून दे. बोलायची घाई नाही.

पिन बसवल्यावर पान्यानं मला चाचणीला नेलं. तो स्टिअरिंगला, मी माझ्या जागी. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "द्या पाय." मी दिला, रोज देते तेवढाच. गाडी अशी थांबली की पान्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं. "ताई, मारता काय!" मी गोठून बसले. मामा, त्या सीटवर बसून मी पहिल्यांदाच गाडी थांबवली. नुसतं पाऊल टेकवलं आणि एवढं लोखंड माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. तेव्हा मला भीती वाटली, टँकरसमोर वाटली नव्हती तशी. वाटलं, आता मी प्रत्येकाला थांबवीन. जरा कुणी चुकलं की दाबीन. एका महिन्यात माझ्याकडून सगळे शिंपी होऊन बाहेर पडतील. मी पान्याला खूण केली, मला घरी सोड, गाडी राहू दे तुझ्याकडेच. डॉक्टरीण म्हणाली होती, "परवा येते. ब्रेक आणि घसा दोन्ही नीट करून ठेवा." मी मनात ठरवून टाकलं, तिला नाही म्हणून कळवायचं. सगळ्यांनाच. दुकानाचे मालक अजून म्हणतात, तुझी जागा रिकामीच आहे.

म्हणून पत्र लिहायला बसले. निदान इथपर्यंत लिहीपर्यंत हेच पत्र होतं, तुझी गाडी तुला परत करण्याचं.

आता मामीच्या सकाळच्या फोनचं. डॉक्टरांनी तुला तपासून सांगितलंय, हात-पाय, नजर, सगळं ठीक आहे, गाडी चालवून बघायला हरकत नाही. फक्त सुरुवातीला शेजारी ब्रेक असलेली गाडी हवी आणि शेजारी जाणतं माणूस हवं. मामीला आनंद झाला आणि तू म्हणालास, नको. तिनं कारण विचारलं तर भिंतीकडे तोंड केलंस. ती मला म्हणाली, "हा माणूस घाबरलाय गं. मला कळत नाही याला काय सांगू." सकाळी मलाही कळलं नव्हतं. आता कळतंय. एवढ्या जगात तू एकटाच होतास ज्याला ठाऊक होतं, की त्या गाडीत शेजारच्या बाजूला काहीही नाही. सगळ्यांना धीर देणारी ती सीट तुला कसला धीर देणार? मग ऐक. पिन जागेवर आहे. मी स्वतः दाबून बघितलंय, पान्याच्या कपाळाला विचार. कड्यात आता नुसती किल्ली आहे. उद्या सकाळी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते. तू स्टिअरिंगला बस. माझा घसा बसलाय, तुझी जीभ अडखळते, म्हणजे तोंड कुणालाच नाही. असलाच तर पाय आहे, आणि तो खराखुरा आहे. आणि मी तो दुमडून बसणार आहे, बूट काढून. मला फार जड जाईल. मुठीत चोळायला काही नसेल, धरायला दारावरचं कडं नाही, ते तू आधीच काढून टाकलंस. तू एकदा वाकून माझ्या पायाकडे बघ. हवं तर दोनदा बघ. मग समोर बघ आणि गाडी सुरू कर. तुझ्यानं झालं तर परवा मी डॉक्टरिणीला घेऊन निघेन. नाही झालं तर पाय खाली घ्यायला मी आहे.

तुझीच,
शेजारच्या सीटवरची